घरात सपाट माप, देताना शीग : पैशाला शीग कशी लावायची?

बाजरीचं_कणीस

नमस्कार मंडळी. इथे वाचतो बरीच वर्षं, लिहितोय पहिल्यांदा. घरातला प्रश्न आहे, पण घरातल्या चौघांत सुटेना म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

आम्ही नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. गावात आमची छोटी मंडळी आहे, चाळीसेक घरांची. दरवर्षी दिवाळीच्या पुढेमागे चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. त्या रविवारी कुणी रिकाम्या हाताने उपासनेला येत नाही. बाजरी, मूग, मठ, भुईमुगाच्या शेंगा, डांगर, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, ज्याच्या घरी जे पिकलं किंवा वाढलं ते. शेत नसलेल्या बाया पुरणपोळ्या करून आणतात. सगळं वेदीपुढे मांडतात, उपकारस्तुतीची प्रार्थना होते, आणि मग बाहेर लिंबाखाली लिलाव. शंभराची कोंबडी हजाराला जाते. घेणारा ती परत मंडळीला देतो आणि पुन्हा बोली लागते. लहानपणी एकच कोंबडी तीनदा विकली गेलेली मी पाहिली आहे.

आमच्या घरून जाते ती एक पायली बाजरी. पायली आजोबांच्या वेळची, लोखंडी पत्र्याची, काठाला पितळेची पट्टी. घरात दळणाला बाजरी काढताना अण्णा (माझे वडील) पायली भरतात आणि काठावरून तळहात फिरवतात. सपाट. वरचे दाणे परत पोत्यात. पण सणाची पायली भरताना हात फिरवायचा नाही. ओंजळीने वर टाकत राहायचं, दाणे चहूबाजूंनी घरंगळायला लागेपर्यंत. त्याला शीग म्हणतात हे इथल्या शेतकऱ्यांच्या पोरांना सांगायला नको. अण्णांचा नियम एकच, घरात सपाट माप, देताना शीग.

आता मुद्दा. रस्त्याला आमच्या ४९ गुंठ्यांतले ३८ गेले, ११ उरले. मोबदला ४१ लाख आला. एवढा पैसा आमच्या घराण्यात कुणी एका जागी पाहिलेला नाही. अण्णा म्हणतात, दहावा हिस्सा देवाचा, तो आधी निघाला पाहिजे. दादा म्हणतो, जमीन गेली ती परत येणार नाही, हे पीक नाही, ही आपली मोडलेली मूठ आहे, मोडलेल्यावर दशमांश कसला? त्याच्यावर ट्रॅक्टरचं कर्ज आहे, मुलीची नर्सिंगची फी आहे. त्याचंही मला पटतं. आई काहीच बोलत नाही.

परवा रात्री अण्णा पासबुक घेऊन बसले होते. मला म्हणाले, "पायलीला शीग लावता येती रे. ह्या आकड्याला कुठून लावू?"

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडे कसं करतात? कुठल्याही धर्माचे, पंथाचे असाल तरी लिहा.

वसईची_सून

तुमच्या पायलीबद्दल वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. भाताच्या पहिल्या ओंब्या वाजतगाजत देवळात आणतात, फादर आशीर्वाद देतात, आणि मग एकेक ओंबी प्रत्येक घरी जाते. माझ्या सासूबाई ती भाताच्या कणगीत ठेवायच्या. कणगी गेली तशी आता अल्तारावर, क्रुसाच्या मागे खोचतो.

आमच्या आळीत आता शेत कुणाकडेच नाही. सगळीकडे इमारती. आमचंही भाताचं खाचर गेलं, त्यात तुमच्यासारखाच पैसा आला आणि त्यातलं आज काय उरलं आहे ते विचारू नका. ओंब्या आता दोन गावं पलीकडून आणतात, एका म्हाताऱ्या काकांच्या तुकड्यातून. त्यांना पैसे दिले तर घेत नाहीत.

मागच्या वर्षी माझ्या धाकट्याने विचारलं, "आपण पिकवलं नाही तर मग थँक्यू कशाचं म्हणायचं?" मी त्याला म्हटलं, सकाळी पेज खाल्लीस ना, ती कुणीतरी पिकवली. त्याला ते पुरलं. मला मात्र पुरलं नाही. म्हणून तुमचा प्रश्न माझाही आहे. उत्तर नाही देता आलं, पण सोबत आहे म्हणून लिहिलं.

हर्णैचा_वारा

अस्सलामु अलैकुम, दादा. आमच्याकडे याचा हिशेब बांधून दिलेला आहे, तो सांगतो. त्यातून तुम्हाला काही सापडलं तर बरं.

साठलेल्या संपत्तीवर जकात, चाळिसावा हिस्सा. तीही सरसकट नाही. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक असेल, आणि तिच्यावर एक वर्ष उलटलं असेल तरच. फेडायचं कर्ज आधी वजा होतं.

शेतमालाचं वेगळं. त्याला उश्र म्हणतात. पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा. विहिरीचं पाणी ओढून, खर्च करून भिजवलं असेल तर विसावा. माझे चाचा हे सांगताना नेहमी आकाशाकडे बोट करायचे. जिथे पाणी अल्लाने फुकट दिलं तिथे तुझं देणं दुप्पट, जिथे तुझा घाम जास्त तिथे तुला सूट. मला लहानपणी हा सगळा कायदा त्या एका बोटातच कळला.

तेव्हा तुमच्या अण्णांना विचारा, ह्या ४१ लाखांत पाऊस किती आणि घाम किती?

हिशेबवही

मी लेखापाल आहे, त्यामुळे कोरडं लिहीन, राग मानू नका.

पहिलं, दादांचं कर्ज. व्याज चालू असलेलं कर्ज अंगावर ठेवून दान करणं मला कधीच पटलेलं नाही. सावकाराचे किंवा बँकेचे पैसे आपल्या हातात आहेत तोवर ते आपले नाहीत. जे आपलं नाही ते देवाला तरी कसं द्यायचं? वरच्या भाऊंनी सांगितलंच आहे, जकातीतही कर्ज आधी वजा होतं.

दुसरं, द्याल ते चेकने द्या आणि पावती घ्या. देणगीवर करसवलतीची नोंदणी असलेल्या संस्थेलाही दोन हजारांवर रोख दिलं तर करात सूट मिळत नाही. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का, हिशेब दरवर्षी तपासला जातो का, हे विचारायला लाजू नका. श्रद्धेने दिलेल्या पैशाचा हिशेब मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. उलट मी म्हणेन, तो पैसा देवाचा मानता म्हणूनच त्याचा हिशेब जास्त काटेकोर हवा.

तिसरं, सातबारावर नाव कुणाचं होतं?

बाजरीचं_कणीस

@हिशेबवही, एकट्या अण्णांचं. आजोबांनी विकत घेतलेली, नंतर अण्णांच्या नावावर आली. आमची नावं लागली नव्हती. पण दादाने त्या मातीत पंचवीस वर्षं काढली आहेत. मी चाकणला नोकरीला, माझा घाम तिथे शून्य.

इंद्रायणीकाठ

माउली, रामकृष्ण हरी. मी माळकरी आहे, पंथ वेगळा पण तुमचा प्रश्न आमच्या देहूत चारशे वर्षांपूर्वी येऊन गेला आहे.

तुकोबांच्या घरी महाजनकी होती. लोकांनी लिहून दिलेली कर्जाची खतं घरात होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात घर बसलं, थोरली बायको गेली, मुलगा गेला. पुढे मन विठ्ठलाशी लागल्यावर त्यांनी ती खतं इंद्रायणीत सोडली. एवढं सगळ्यांना माहीत असतं. कीर्तनात टाळ्या तिथेच पडतात.

पण त्याच्या आधीचं एक पाऊल आहे, ते मला सगळ्यात मोठं वाटतं. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही विरक्त झालात, मला संसार चालवायचा आहे. तेव्हा तुकोबांनी खतांच्या वाटण्या केल्या. भावाचा अर्धा वाटा त्याच्या हातात दिला. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. आमच्या परंपरेत हे असंच सांगतात.

वैराग्य स्वतःच्या वाट्याचं असतं, हो. दुसऱ्याच्या वाट्याचं वैराग्य करता येत नाही. अण्णांची भक्ती मोठी आहे, त्यांना माझा दंडवत सांगा. पण दादांचा वाटा आधी काढून त्यांच्या हातात द्या. मग अण्णांच्या वाट्याला शीग लावा, हवी तेवढी.

हर्णैचा_वारा

@इंद्रायणीकाठ, सुबहानल्लाह. भावाच्या वाटणीचा हा भाग मी कधी ऐकला नव्हता.

उगवतीचा_वाटसरू

मी देव मानत नाही. तरी धागा दोनदा वाचला, कारण तुमचे अण्णा मला आवडले. आमचे आजोबाही जेवायला बसताना पहिला घास बाजूला काढायचे, कुणासाठी ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

माझा प्रश्न साधा आहे. आभार मानताना हात वर जातात, मग बाजूला उभा असलेला माणूस दिसतो का? ४९ गुंठ्यांत बाजरी अण्णांनी आणि दादांनी एकट्याने काढली नसेल. खुरपायला, सोंगायला कुणी येत असेल. जमीन गेली तेव्हा तुम्हाला मोबदला मिळाला. त्यांची रोजी गेली, त्यांना काय मिळालं? तिचं नाव सातबारावर नसतं, त्यामुळे तिला नोटीसही येत नाही.

हे भांडायला लिहीत नाही. तुमच्याच धर्मग्रंथात शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबाचा आणि परक्याचा, असा नियम आहे ना? मी तो वाचला तेव्हा देव न मानताही मला तो फार आवडला होता.

येळवस_लातूर

वाटसरूंचं म्हणणं आमच्या रक्तातच आहे. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे वेळ अमावस्या, आम्ही येळवस म्हणतो. लातूर, धाराशिवकडची गावं त्या दिवशी ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. आंबील आधी शेतात चहूकडे शिंपडायची आणि मग माणसांनी जेवायचं. आणि वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं. ओळख लागत नाही, जात लागत नाही. एका येळवशीला आमच्या कोपीत बारा अनोळखी माणसं जेवली होती.

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. पूर्वी खळ्यावरच बलुतं निघायचं. रास घरी जाण्याआधी गावातल्या प्रत्येकाचा हिस्सा बाजूला. किती सुंदर व्यवस्था होती. आता सगळं पैशावर आलं.

बाजरीचं_कणीस

@येळवस_लातूर, तुमच्या येळवशीचं वाचून फार बरं वाटलं. बलुत्याबद्दल मात्र मला लिहिलंच पाहिजे. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलं आहे हे कळतं, म्हणूनच लिहितो.

माझे पणजोबा त्या खळ्याच्या कडेला उभे राहायचे. आत पाय टाकायचा नाही. रास मोजून झाली, गाडी भरली की खाली जे उरायचं, मातीखड्यांसकट झाडून काढलेलं, ते त्यांच्या घोंगडीत वरून टाकायचे. वर्षभर गावाची कामं करून मिळालेला तो हक्क होता, पण दिला जायचा भिकेसारखा. पणजी ते तीनतीनदा पाखडायची. त्यात खडा किती आणि दाणा किती, हे आजीने मला तिच्या पन्नाशीनंतरही हाताने दाखवलं होतं.

आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, तिथेच मास्तर झाले. पगारातून पैसा पैसा जोडून ही जमीन घेतली. पहिली बाजरी आली तेव्हा त्यांनी नगरच्या बाजारातून ही पायली विकत आणली. आमच्या घरात तोपर्यंत माप नव्हतंच, कारण मोजून देण्यासारखं काही नव्हतं. चर्चला पहिली पायली भरताना त्यांनी शीग लावली, आणि अण्णांना सांगितलं, "आपल्याला कुणी शिगेनं दिलं नाही, म्हणून आपण शिगेनंच द्यायचं. आणि निवडून, पाखडून द्यायचं."

मघाशी नियम सांगितला तेव्हा हे सांगितलं नव्हतं. आमच्या घरात हे फारसं बोलत नाहीत.

@उगवतीचा_वाटसरू, तुमचा प्रश्न मी अण्णांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. आमच्याकडे एक मावशी सोंगणीला यायच्या, वीस वर्षं तरी. नवरा नाही. मोबदल्याचा चेक आला त्या दिवशी त्या घरी पेढा खाऊन गेल्या. त्यांचं आता काय, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही. याची मला लाज वाटते.

येळवस_लातूर

दादा, माफ करा. आमच्या घरी बलुतं देणाऱ्यांच्या बाजूनेच बोललं गेलं, घेणाऱ्याची बाजू कधी ऐकलीच नाही. तुमच्या पणजीचं पाखडणं आता डोळ्यांपुढून जात नाही. माझं "सुंदर" हे वाक्य मागे घेतो.

सदाफुली

सगळ्या पुरुषमाणसांचं वाचलं. अण्णा असं म्हणतात, दादा तसं म्हणतो. "आई काहीच बोलत नाही" हे वाक्य पहिल्याच पोस्टमध्ये आलं आणि पुढे कुणीच तिथे थांबलं नाही. आईंना कुणी विचारलंत का?

मी साताऱ्याची. आमच्या गावाशी कवी नारायण वामन टिळकांचं नाव जोडलेलं आहे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, नगरला मिशनचं काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला आले, 'देवाचा दरबार' उभा करायला. पगार नाही, देव देईल त्यावर. मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर आहे, हे आधी सांगते. पण अशा प्रत्येक फकिरीच्या मागे एक चूल असते आणि ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंसारख्या कुणीतरी पेटती ठेवलेली असते. देणाऱ्याचं नाव होतं. डब्यात किती उरलं आहे हे तिला माहीत असतं.

केडगावच्या पंडिता रमाबाई मला म्हणूनच जवळच्या वाटतात. त्यांनी दुष्काळातल्या मुलींना नुसतं दान दिलं नाही. विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना छापखान्याचं काम शिकवलं. मिळालेला पैसा त्यांच्या हातात थांबला नाही, आणि वायाही गेला नाही. स्वतः साध्या पांढऱ्या सुती वस्त्रात राहिल्या. देवाच्या देणग्या वापरायच्या कशा, हे मला त्यांच्यात दिसतं. देणगी जपून तिजोरीत ठेवणं नाही, उधळून मोकळं होणंही नाही, तिला कामाला लावणं.

आईंना विचारा. आणि उत्तर इथे लिहा.

दोन_बांगड्या

नवीन खातं काढून लिहिते आहे, नाव सांगायची इच्छा नाही.

बाजरीदादा, द्या, पण एक गोष्ट बघून द्या. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या सभेला जायचो. तिथे सांगायचे, बी पेरा, देव शंभरपट देईल. जेवढं मोठं पेराल तेवढं मोठं उगवेल. माझे यजमान तेव्हा आजारी होते. मी आईने दिलेल्या दोन बांगड्या दिल्या. यजमान गेले. तेव्हा मला सांगण्यात आलं की तुमचा विश्वास कमी पडला.

दोन वर्षं मी प्रार्थनेला बसू शकले नाही. मग एका म्हाताऱ्या पाळकबाईंनी मला त्या गरीब विधवेची गोष्ट पुन्हा वाचायला लावली, जिने मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकल्या. म्हणाल्या, बघ, तिला काही परत मिळालं असं कुठे लिहिलंय? मी शोधलं. नाही लिहिलेलं. येशूने तिला पाहिलं, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं म्हणाला, एवढंच लिहिलं आहे. त्या दिवशी मी बऱ्याच काळाने रडले.

म्हणून सांगते, तुमच्या अण्णांना दसपट परत मिळण्याची आशा असेल तर देऊ नका. पण वाचून वाटतं, त्यांना ती नाहीच.

बाजरीचं_कणीस

@दोन_बांगड्या, ताई, अण्णांनी तुमची पोस्ट स्वतः वाचायला मागितली. चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाले, त्या लेकीला सांग, तिच्या बांगड्या पेटीत पडल्या त्या त्याने मोजल्या आहेत. घेणाऱ्याचा हिशेब वेगळा होईल.

आता आईचं. @सदाफुली, तुम्ही म्हणालात म्हणून काल भाकऱ्या करताना तिला विचारलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली, आरावर टाकली, फुगेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "आधी माझ्या गुडघ्याचं बघा. तीन वर्षं झाली, मी जिना चढून चर्चच्या गच्चीवर बायांच्या सभेला जाऊ शकले नाही. हे पायही त्यानंच दिलेत ना?"

मी चाट पडलो. तीन वर्षं ती "बाम लावलाय" म्हणत होती आणि आम्ही ऐकत होतो. अण्णा स्वतःवर पैसा खर्च करणं म्हणजे जवळजवळ पाप मानतात, त्यामुळे तिने कधी काढलंच नव्हतं.

मग हात धुऊन ती म्हणाली, "आणि शिगेचं एवढं काय कोडं आहे? दहावा हिस्सा म्हणजे माप झालं. ते मंडळीला द्या. शीग मापाच्या वर असती. ती मापात नसलेल्या माणसाला द्या." आणि मावशींचं नाव घेतलं.

अण्णा दारात उभे राहून ऐकत होते.

उगवतीचा_वाटसरू

आईंना माझा नमस्कार सांगा.

हिशेबवही

गुडघ्यासाठी दोन डॉक्टरांचं मत घ्या, घाईने ऑपरेशन ठरवू नका. बाकी माझ्याकडे लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

वसईची_सून

धाग्यावर परत परत येऊन बघत होते. सण कधी आहे तुमचा? झाला की लिहा.

बाजरीचं_कणीस

परवा झाला. उशीर झाला लिहायला, सगळं सविस्तर सांगतो.

अण्णांनी पैशाच्या तीन वाटण्या केल्या. एक त्यांची आणि आईची, एक दादाची, एक माझी. दादाला चेक देताना म्हणाले, "यातलं काय करायचं ते मी विचारणार नाही." दादाने कर्ज फेडलं, पोरीची फी भरली. दशमांश दिला नाही, आणि अण्णांना तोंडावर तसं सांगितलं. अण्णा फक्त "बरं" म्हणाले. मला वाटलं होतं घर दुभंगेल. नाही दुभंगलं. माझ्या वाट्याचं मी काय केलं ते इथे लिहीत नाही, तेवढं समजून घ्या.

अण्णांच्या वाट्याचा दहावा हिस्सा चेकने मंडळीला गेला, पावती घेतली (@हिशेबवही). पंचकमिटीने तो चर्चच्या विहिरीवरच्या पंपाला आणि टाकीला लावायचं ठरवलं आहे. आईला नगरला दोन ठिकाणी दाखवलं. ऑपरेशन लगेच नको म्हणाले, व्यायाम दिले आहेत. रोज सकाळी ती खुर्चीवर बसून पाय सरळ करते आणि मोठ्याने आकडे मोजते.

मावशींकडे अण्णा आणि आई दोघं गेले. अण्णांना पाकीट द्यायचं होतं. आई म्हणाली, आधी विचारू. मावशी म्हणाल्या, पैसे राहत नाहीत माझ्याजवळ, दोन शेळ्या द्या. मग अण्णा आणि मावशी बाजाराला गेले. मावशींनी दात बघून, कास बघून दोन गाभण शेळ्या निवडल्या. अण्णांना शेळीतलं काही कळत नाही, ते नुसते शेजारी दोरी धरून उभे. येताना टेम्पोत मावशी शेळ्यांजवळ मागे बसल्या, पुढे जागा असून.

उरलेल्या ११ गुंठ्यांत यंदा बाजरी केली होती. फुलोऱ्यात पाऊस झाला, कणसं नीट भरली नाहीत. दीड पोतं जेमतेम निघालं. त्यातली सणाची पायली अण्णांनी सूप घेऊन स्वतः निवडली, बारीक दाणा बाजूला, टपोरा पायलीत. मग शीग. आईचं जुनं लुगडं फाडून वर घट्ट बांधलं.

पायली न्यायला दादा आला, कुणी न सांगता. मोटारसायकलवर तो पुढे, अण्णा मागे, पायली दोघांच्या मध्ये. चर्चच्या फाटकाशी नवीन रस्त्याचा गतिरोधक आहे, तिथे गाडी उडाली आणि फडकं सुटलं. शीग सगळी रस्त्यावर. मी मागून चालत येत होतो. बघतो तर दादा गाडी आडवी लावून येणाऱ्या ट्रकांना हात दाखवतोय आणि अण्णा गुडघ्यावर बसून डांबरावरची बाजरी ओंजळीत गोळा करतायत. जिथे बसले होते तो आमचाच बांध होता, सहा महिन्यांपूर्वीपर्यंत. रविवारच्या शाळेतली पोरं धावत आली. दहाबारा जणांनी मिळून दाणे उचलले. अण्णांनी ते तिथल्या तिथे फुंकून साफ केले, कारण खडा जाता कामा नये. पुन्हा शीग लागली. पहिल्याएवढी नव्हती.

लिलावात आमची पायली बावीसशेला गेली. घेतली एका शिक्षिकेने, यंदाच बदलून आलेल्या. त्यांनी बाजरी पिशवीत ओतून घेतली आणि पायली परत दिली.

संध्याकाळी अण्णा अंगणात बसले होते, पायली मांडीवर. काठाच्या पितळी पट्टीच्या फटीत चारदोन दाणे अडकतात नेहमी. ते त्यांनी काडीने टोकरून काढले आणि समोर चिमण्यांना टाकले. मग पायली धोतराच्या सोग्याने पुसून उपडी ठेवली.